खुंटीवरची दुसरी टोपी

ही घटना खरी आहे.

हेच वाक्य मी या पेजवर आधीही एकदा लिहिलं होतं. तेव्हा ते धडधडीत खोटं होतं. म्हणून आज विश्वास ठेवा असं म्हणायला मला तोंड नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

रात्र नव्हती. सुनसान रस्ता नव्हता. भर दुपार होती, बाहेर गाड्यांची वर्दळ होती, आणि मी एका बर्गरच्या दुकानाच्या स्वयंपाकघरात कागदी टोपी घालून उभा होतो...

पण आधी हे सांगायला हवं की मी तिथे पोहोचलो कसा.

मी दादा-वहिनीकडे राहतो. आई गेल्यापासून मला वहिनीनेच सांभाळलं. मी उशिरा आलो तरी माझं ताट झाकून ठेवणारी, दादा ओरडला की मध्ये पडणारी. ती बर्गरच्या एका मोठ्या चेनमध्ये कामाला आहे. जागोजागी त्यांची दुकानं आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आधीच खूप त्रास दिलाय मी.

जेवताना वहिनी कामावरच्या गमती सांगायची. तिथे गरम तेल, ट्रे, सुऱ्या घेऊन सगळ्यांची पळापळ चालते. म्हणून कोणाच्या पाठीमागून जाताना मोठ्याने "मागे!" म्हणायचं. ते ऐकलं की समोरच्याने जागचं हलायचं नाही. वहिनीला ही सवय इतकी लागली, की घरी दादाच्या मागून जातानाही ती "मागे" म्हणते.

दादा म्हणायचा, "लग्न झाल्यापासून मागेच आहेस. सांगायला कशाला हवं?"

आणखी एक रीत तिने सांगितली होती. कोल्ड रूममध्ये, म्हणजे माल गार ठेवायच्या खोलीत जायचं, तर आपली टोपी काढून दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायची आणि कानटोपी घालून आत जायचं. खुंटीवर टोपी दिसली म्हणजे आत माणूस आहे. मग दारासमोर कोणी ट्रॉली लावत नाही.

मला ती टोपी फार आवडली.

मी या पेजवर टोपणनावाने लिहितो. त्या आठवड्यात काही सुचत नव्हतं. मी त्या टोपीवरून एक गोष्ट रचली. कोल्ड रूममध्ये अडकून मेलेली एक मुलगी. काम करताना सतत गुणगुणणारी. कोणीतरी खुंटीवरची तिची टोपी विसरलेली समजून उचलली, दारासमोर ट्रॉली लावली, आणि सगळे घरी गेले. तेव्हापासून म्हणे ती टोपी अधूनमधून खुंटीवर दिसते...

वर लिहिलं, ही घटना खरी आहे. चेनचं नावही टाकलं. त्याशिवाय खरं वाटत नाही.

त्या गोष्टीत अजून एक ओळ होती. आपली टोपी ओळखू यावी म्हणून त्या मुलीने आतल्या बाजूला पिवळ्या दोऱ्याने एक फूल काढलं होतं. वेडंवाकडं, एक पाकळी अर्धवट राहिलेलं. पोस्ट टाकायच्या आधी ती ओळ मी पुसून टाकली. गोष्ट लांबत होती.

हे लक्षात ठेवा. ती ओळ माझ्याशिवाय कोणीही वाचलेली नाही.

पोस्ट वणव्यासारखी पसरली. लोकांनी त्या मुलीचं नाव गुणगुणी ठेवलं. कोणी म्हणालं, मी तिच्या शेजारी राहायचो. कोणी म्हणालं, त्यांच्या सगळ्याच दुकानांत कोल्ड रूमचं दार आतून उघडत नाही. एकाने तर कुठल्यातरी भलत्याच मुलीचा फोटो हार घालून फिरवला. मी मजा बघत होतो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

मग एक दिवस वहिनी न जेवताच उठली.

दादाने विचारलं, तेव्हा कुठे बोलली. टोपीची रीत फक्त आत काम करणाऱ्यांना माहीत. म्हणजे ही आग आतल्याच कोणीतरी लावली, असं सगळे म्हणत होते. गिऱ्हाईक आटलं होतं. नव्या मुली कोल्ड रूममध्ये जायला तयार नव्हत्या. आणि बडबडी कोण, तर वहिनी. तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं.

"मी सगळ्यांसमोर सांगितलं," वहिनी म्हणाली, "आमच्या घरातून शब्द बाहेर गेलेला नाही. माझा नवरा तसा नाही, माझा दीर तसा नाही."



मला त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी पाणी प्यायलो आणि गप्प बसलो. दोन दिवस तिच्याकडे बघताही आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालत होती, तेव्हा तिच्या पाठीमागे उभं राहून सांगून टाकलं. समोर उभं राहायची हिंमत नव्हती.

ती वळली नाही. हातातला शर्ट झटकला, दोरीवर टाकला, चिमटे लावले.

"उद्या दुपारी माझ्याबरोबर चला, भाऊजी. तिथे सगळ्यांसमोर सांगा."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. दुपारची गर्दी ओसरली होती. मॅनेजरने सगळ्यांना मागच्या स्वयंपाकघरात बोलावलं. मी खाली बघत सांगितलं, की असं काही कधीच घडलेलं नाही. मुलगी खोटी, मृत्यू खोटा, सगळं मी रचलं. वहिनीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तळणाच्या फ्रायरवरची एक बाई मला डोळ्यांनीच सोलत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मॅनेजर माणूस मिश्कील होता. "माझ्या दुकानात आजवर एकच मेलाय," तो म्हणाला, "तो म्हणजे धंदा. आता तुम्हीच बघा आणि लिहा, खरं काय आणि अफवा काय. दार आतून उघडतं की नाही, स्वतः आत जाऊन बघा."

मला घालायला दिलेली कागदी टोपी मी खुंटीला अडकवली. खुंटीवर दुसरं काही नव्हतं. हे मी नीट पाहिलं होतं.

कानटोपी घातली आणि आत शिरलो. दार मागे आपोआप बंद झालं.

आत पांढरा दिवा होता. दोन्ही बाजूंना फळ्या, त्यांवर खोकी. मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. वर पंखा घरघरत होता. लपायला जागा नव्हती. लपायला कशाला, दोन माणसं उभी राहायलाही नव्हती.

फोनवर टिपून घेतलं. दिवा आहे. दाराला आतून ढकलायचा दांडा आहे. दांडा ढकलला, दार उघडलं. पुन्हा बंद होऊ दिलं. फोटो काढायला म्हणून दाराकडे तोंड करून उभा राहिलो...

आणि पंखा थांबला.

एकदम शांतता.

नाही... शांतता नव्हती.

कोणीतरी गुणगुणत होतं.

मी स्वतःला समजावलं, बाहेर कोणी असेल. पण दार जाड होतं. बाहेरचे फ्रायर, भांडी, माणसं, काहीच ऐकू येत नव्हतं. गुणगुणणं आतूनच येत होतं. खोलीच्या टोकाकडून.

मग ते जवळ येऊ लागलं...

माझ्या पाठीशी आलं...

आणि थांबलं.

अगदी हळू, कामाच्या सवयीने म्हणावं तसं, कोणीतरी म्हणालं, "मागे."

मी हललो नाही. भीतीने म्हणा, की वहिनीने शंभरदा सांगितलंय म्हणून म्हणा. माझ्या पाठीला घासून कोणीतरी गेलं. शर्टाला ओढ बसली. समोरचं दार आपोआप उघडलं, आणि पुन्हा मिटलं. बाहेर जाणारं कोणीच मला दिसलं नाही.

पंखा पुन्हा सुरू झाला.

दांडा ढकलून बाहेर कसा आलो, आठवत नाही. सगळे तिथेच उभे होते. मॅनेजर म्हणाला, "उघडलं ना दार? दोनदा उघडून बघितलंत की."

मी खुंटीकडे पाहिलं.

माझी कागदी टोपी होती. तिच्याखाली... अजून एक टोपी होती. गणवेशाची.

"ही कोणाची?" मी विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या डोक्याला हात लावला. सगळ्यांच्या टोप्या डोक्यावर होत्या.

मी ती खाली घेतली. बर्फासारखी गार होती. आतली बाजू उलटली.

पिवळ्या दोऱ्याचं फूल. एक पाकळी अर्धवट.

"झालं यांचं सुरू," फ्रायरवरची बाई म्हणाली.

मी वहिनीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. हात जोडले नव्हते, एवढंच. पुन्हा नको, भाऊजी, असं तिचा चेहरा सांगत होता. मी कबुली देत असताना, सगळ्यांसमोर, माझ्यासाठी, ती आधीच एकदा खाली पाहून उभी राहिली होती.

मी टोपी परत खुंटीला लावली.

"काही नाही," मी म्हणालो. "कोणीतरी विसरलं असेल."

त्याच संध्याकाळी पोस्ट टाकली. अफवा: मुलगी अडकून मेली. खरं: अशी मुलगीच नव्हती. अफवा: दार आतून उघडत नाही. खरं: उघडतं, मी स्वतः उघडलं. शेवटी लिहिलं, आत कोणीही नाही.

वाचकांनी मलाच झोडपलं. कंपनीने तोंड बंद केलं म्हणाले. पण दुकानात वातावरण निवळलं. वहिनीशी लोक पुन्हा बोलू लागले. नव्या मुलींची भीती जावी म्हणून आता वहिनीच सारखी कोल्ड रूममध्ये जाऊ लागली. माझ्या शब्दावर.

आणि मी गप्प. रोज तिच्या हातचं जेवत होतो आणि गप्प होतो.

एका सकाळी ती ओट्याशी उभी राहून गुणगुणत होती.

मी ते सूर ओळखले.

"वहिनी... हे कुठलं गाणं?"

"कुणास ठाऊक," ती हसली. "तोंडातच बसलंय. तिकडे कोणीतरी सारखं गुणगुणत असतं."

काल तिने धुवायला पिशवीतून टोपी काढली आणि थबकली. "अगंबाई, ही माझी नाही. अदलाबदल झाली वाटतं." तिने टोपी उलटी केली. आतलं पिवळं फूल अंगठ्याने चाचपलं. "हौशी आहे कोणीतरी. पण पाकळी अर्धीच सोडलीय."

दादा जेवत होता. मी ताटाकडे बघत होतो.

वहिनीने टोपी खाली ठेवली. जरा वेळाने, अगदी सहज विचारल्यासारखं, तिने विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही आत काही पाहिलं होतं का? खरं सांगा. मी रागावणार नाही."

दादाने मान वर केली. त्याच्या कपाळावर आठी होती. खूप दिवसांनी आम्ही तिघं एकत्र जेवत होतो. मला वाटलं, आता पुन्हा तोंड उघडलं तर या घरात माझ्या शब्दाला कोणी कधी विचारणार नाही. लांडगा आला रे आला करणाऱ्याला लांडगा आल्यावर कोण विचारतो?

"नाही," मी म्हणालो. "काहीच नव्हतं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिला बरं वाटलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तिला खरंच बरं वाटलं. त्याची जास्त लाज वाटते.

आज सकाळी ती टोपी घेऊन ड्युटीवर गेली. ज्याची त्याला परत द्यायला.

दिवसभर मी हे लिहीत बसलोय. पेजवर टाकायच्या आधी तिला वाचायला देणार आहे. ती रागावू दे, दादाने घराबाहेर काढलं तरी चालेल. उद्या तिने त्या खोलीत पाऊल टाकता कामा नये. तेवढंच मला हवंय.

ती यायची वेळ झालीच आहे.

जिन्यात पावलं वाजतायत. तिचीच आहेत. फोनवर दादाशी बोलत वर येतेय, तिचा आवाज स्पष्ट ऐकू येतोय. येताना साबण आण म्हणतेय. टोपी परत द्यायची राहून गेली म्हणतेय.

ती बोलतेय...

आणि तिच्या बोलण्याच्या खालून, अगदी तिच्या पाठीशी, कोणीतरी गुणगुणतंय.

बेल वाजली. घरात मी एकटाच आहे. दार मलाच उघडायचंय.