डावीकडचा रस्ता

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तरी घरातला गुढीचा तांब्या कुठे ठेवलेला असतो हे सर्जेराव मगदूमांना ठाऊक नव्हतं. बसचालक म्हणून दर पाडव्याला त्यांची जादा गाडी असायची. गुढी उभारायची वैजयंताने आणि उतरवायचीही तिनेच. सर्जेराव दुसऱ्या दिवशी मुक्कामाहून परत यायचे तेव्हा डब्यात थोडं श्रीखंड आणि साखरेच्या माळेचे चार तुकडे शिल्लक असायचे. त्यांचा पाडवा तेवढाच.

"माळ्यावर काय चढताय? देवघराखालच्या खणात बघा!" वैजयंता आतून ओरडली.

तिची घाई चालली होती. आज ती मोर्लेवाडीच्या काजू केंद्राची प्रमुख म्हणून रुजू होणार होती. चाळीस बायका तिच्या हाताखाली. ही जागा तिला यापूर्वी दोनदा देऊ केली होती आणि दोन्ही वेळा तिने नाही म्हटलं होतं. नवरा आठवड्यातले चार दिवस मुक्कामाला, आणि मोर्लेवाडी दुंडीच्या घाटाखाली. तिकडे जायला सकाळची गाडीच नव्हती. सह्यकाठ परिवहन संस्थेला चालक मिळेनासे झाले होते. घाटात रोज जीव मुठीत धरून गाडी हाकायची कोणाला हौस? नवी पोरं या धंद्यात येतच नव्हती.

आजपासून ते सगळं पालटणार होतं. सव्वाआठची गाडी सुरू होणार होती, तीही बिनचालकाची. सर्जेराव आगारातल्या देखरेख खोलीत खुर्चीवर बसून गाड्यांवर नजर ठेवणार, पाचला घरी येणार, वाटेत चार वर्षांच्या नातीला सणासुदीलाही उघड्या असणाऱ्या बालवाडीतून घेऊन येणार आणि रात्रीचा भात-आमटी टाकणार. मुलीने नोकरीच्या गावाहून नातीला परवाच आणून सोडलं होतं. आमटीचा प्रयोग कालच झाला होता. नातीने एक घास खाऊन पाणी मागितलं होतं, पण वैजयंता म्हणाली होती, "हळूहळू जमंल."

गुढी कशीबशी उभी राहिली. थोडी वाकडीच. वैजयंताने हसून ती सरळ केली, नमस्कार केला आणि कडुलिंबाचं पान त्यांच्या हातावर ठेवलं.

"तुमच्या गाडीनंच जाणार हाय मी," ती म्हणाली. "तुम्ही नसलासा तरी गाडी तुमचीच."

ते खरंच होतं. बिनचालकाच्या गाड्या शहरात कधीच्या धावत होत्या, पण घाटाने त्यांना नमवलं होतं. धुकं, दरडीची माती, वळणावर बसलेली म्हैस, मनात येईल तेव्हा रस्ता ओलांडणारी माणसं. समोर काही आडवं आलं तर यंत्र थांबायचंच. पण आडवं येणार आहे, हे आधी ओळखणं त्याला जमत नव्हतं. मग संस्थेने वेगळी वाट धरली. घाट अंगात मुरलेल्या एका चालकाच्या गाडीत तीन वर्षं कॅमेरे बसवायचे. रस्त्याचे आणि त्याच्या चेहऱ्याचेही. तो कुठे बघतो, कुठे पाय आखडता घेतो, कशाकडे दुर्लक्ष करतो, ते सगळं यंत्राने टिपायचं आणि गिरवायचं. त्याला नाव दिलं होतं चालकपाठ. पहिला पाठ कुणाचा घ्यायचा, यावर आगारात चर्चाच झाली नाही. सत्तावीस वर्षांत सर्जेरावांच्या गाडीला साधा ओरखडासुद्धा नव्हता.

आगारात सनई लावली होती. गाड्यांना झेंडूच्या माळा होत्या. देखरेख खोलीत मधुरा आवळे वाट बघत होती. चालकपाठ तयार करणारी अभियंता, वयाने त्यांच्या मुलीएवढी.

"काका, नवीन वर्षाच्या शुभेच्छा! ही तुमची खुर्ची."

खुर्ची मऊ होती. सर्जेरावांना त्यात बसवेना. पाय सारखे ब्रेक-क्लच शोधत होते. समोर भिंतभर पडदा होता आणि साडेसातची, पहिलीच बिनचालकाची गाडी त्यावर घाट उतरत होती. पडद्यावर रस्त्यातल्या काही गोष्टी पिवळ्या उजळत होत्या. समोरून येणारा टेम्पो, कठड्यावरचं माकड, उजवीकडच्या टपरीपुढचा माणूस.

"हा लक्षनकाशा," मधुरा म्हणाली. "गाडीचं लक्ष कशाकशाकडे आहे ते पिवळ्यात दिसतं."

सर्जेराव बघत राहिले. गाडी अगदी त्यांच्यासारखीच चालली होती. तिसऱ्या वळणाआधीचा तो हलका दाब, मोरीपाशी किंचित उजवीकडे सरकणं. आपल्याच अंगातलं काहीतरी काढून तिकडे बसवल्यासारखं त्यांना वाटलं. जरा अभिमान वाटला, जरा कसंसंही झालं.

मग त्यांना एक रंगवलेली भिंत दिसली. डाव्या बाजूला, रस्त्याला लागून. भिंतीवर फुलपाखरं, मुळाक्षरं, आणि वर 'अंगणवाडी' अशी पाटी.

"ही कवा झाली?" त्यांनी विचारलं.

"ती? दीड वर्ष झालं असेल. तुम्ही रोज तिथूनच जात होता की!"

पुढे डावीकडेच एक नवं नळकोंडाळं होतं. त्याच्यापुढे डोंगरातून उतरणारी पायवाट, तीही नवी, पण चांगली मळलेली. सर्जेरावांनी यातलं काहीच कधी पाहिलं नव्हतं. पडदा सरळ समोर होता, त्यामुळे रस्त्याची डावी कड आज बऱ्याच दिवसांनी त्यांच्या धड नजरेपुढे येत होती.

पायवाटेवरून एक बाई जळणाची मोळी घेऊन उतरत होती. मोळीमुळे तिला गाडी दिसत नव्हती. तिचा पाय डांबरावर पडणार हे सर्जेरावांना आधीच कळलं आणि त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. गाडीने मात्र वेग तसाच ठेवला. बाई पिवळी झालीच नाही. शेवटच्या क्षणी आवाज ऐकून ती मागे उडाली, मोळी खाली सांडली आणि गाडी शांतपणे पुढे निघून गेली.

मधुरा चहा ओतत होती. तिने ते पाहिलं नाही.

गाडीला काय झालं होतं ते या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी परगावच्या एका डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं, काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नजर कडेकडेने विझत आलीय. सर्जेरावांनी औषधाची बाटली डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवली आणि कुणालाही, अगदी वैजयंतालाही, सांगितलं नाही. चालकाचा डोळा गेला म्हणजे चालक गेला. वार्षिक तपासणीची त्यांना भीती नव्हती. आगाराचे डॉक्टर बाजूची नजर तपासायला कानामागून पेन हळूहळू पुढे आणत आणि म्हणत, दिसलं की हो म्हणा. वर्षानुवर्षं त्यांच्या हाताचा वेग तोच. एका म्हाताऱ्या चालकाने सर्जेरावांना कधीच शिकवून ठेवलं होतं, मनात चार मोजायचे आणि हो म्हणायचं. चालकांत ही चोरी मानत नसत. एकमेकांचं घर सांभाळणं मानत.

"मॅडम," त्यांनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "चालकानं एखादी गोष्ट बघितलीच न्हाई, तर यंत्र ती बघतंय का?"

"कॅमेऱ्याला सगळं दिसतं, काका. पण त्यातलं बघण्यासारखं काय, ते यंत्र तुमच्याकडून शिकलं. तुम्ही ज्याच्याकडे कधीच बघितलं नाही, ते त्याच्या लेखी बिनमहत्त्वाचं." ती अभिमानाने हसली. "म्हणून तर तुमच्यासारखा माणूस निवडला."

सर्जेरावांनी वर पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ आठ वाजून पाच मिनिटं दाखवत होतं.

आता बोलायला हवं होतं, आणि बोलणं म्हणजे काय हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं. पाठ रद्द होईल. सत्तावीस वर्षांचं नाव धुळीला मिळेल. आणि सव्वाआठची गाडी बंद झाली की वैजयंताची नोकरी पहिल्याच दिवशी संपेल. ते मनाची समजूत घालू लागले. बाई वाचली की. दोन वर्षं आपणच तर गाडी चालवली, कुठं काय झालं? त्यावर मन लगेच म्हणालं, झालं नसेल कशावरून? डावीकडे कितीजण असे मागे उडाले असतील, ते तुला कुठे दिसलं?

ते उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. सव्वाआठ झाले. पडद्यावर दुसरी गाडी उजळली. आत चौदा बायका, हसत, एकमेकींना साखरेच्या माळेचे तुकडे देत. वैजयंता पहिल्या बाकावर होती. गाडी आगारातून बाहेर पडली तरी सर्जेरावांच्या तोंडून शब्द फुटला नाही. घाट सुरू व्हायला वीस मिनिटं होती.

त्यातली अठरा गेल्यावर त्यांनी तिला फोन लावला.

"वैजू, घाटाच्या आधी उतर."

"का वो?"

"धुकं हाय घाटात."

"लख्ख ऊन पडलंय की!" ती थांबली. तिचा आवाज बदलला. "खरं सांगा. घरात बसायचं तुमच्या जिवावर आलंय न्हवं? पोरीला सांभाळायचं, चूल बघायची. पयल्याच दिवशी दम निघंना व्हय तुमचा? मी आज काय परत फिरत न्हाई."

"तसं न्हाई गं."

"मग कसं?"

मागे बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. सर्जेरावांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. दोन वर्षं झाली. ही गाडी माझ्यागत चालतीया. तिलाबी दिसत न्हाई."

सर्जेरावांनी फोन ठेवला आणि मेजावरचं तांबडं बटण दाबलं. घाटाच्या तोंडाशी गाडी कडेला येऊन थांबली. पडद्यावर चौकट उघडली : थांबवण्याचं कारण बोला.

"चालकाला दिसत नाही," सर्जेराव म्हणाले.

यंत्राने ते निमूट नोंदवून घेतलं. मधुरा कप ठेवून पुढे आली.

"काका, गाडीत चालकच नाहीये."

"हाय, मॅडम. मी हाय."

तिने साडेसातच्या गाडीचं चित्रण मागे नेलं. मोळीवाली बाई तीनदा पाहिली. मग लक्षनकाशाचे मागचे महिने उघडले. डावीकडचा पिवळा रंग महिन्यामहिन्याने आक्रसत गेला होता, आणि ती त्याला अनुभवी माणसाची काटकसर समजली होती.

"तुमचा पाठ पहिला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "बाकीच्या अकरा घाटांचे पाठ त्याच्यावरच रचलेत."

मग धावपळ झाली. अकरा आगारांना फोन गेले. सनई बंद झाली. संस्थेचे सभापती फोनवरून ओरडत होते की पाडव्याच्या दिवशी हा अपशकुन कुणी केला. मधुरा त्यांना एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, "गाड्या आहेत तिथे थांबवल्यात, साहेब. चालू करणार नाही." तिची नोकरीही त्या वाक्यावर लटकली होती, पण तिचा आवाज हलला नाही.

दहाच्या पुढे तिने सर्जेरावांसमोर कागद ठेवला. त्यांनी जबानी लिहिली आणि तिच्या सांगण्यावरून मोठ्याने वाचून दाखवली. डॉक्टरांचं नाव, औषधाची बाटली, मनात मोजलेले चार, सगळं.

"बाकीचे चालकही चार मोजतात?" मधुराने विचारलं.

सर्जेरावांनी मान खाली घातली. मित्रांची तोंडं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली.

"नावं न्हाई सांगणार मी. डॉक्टरास्नी म्हणावं, पेन कवा भरभर आणा, कवा सावकाश आणा, कवा आणूच नका. मग बगा, कितीजण हो म्हणत्यात. त्याच्यानंतर मला काय करायचं ते करा."

"तुम्हाला घेऊन पायी घाट उतरायचाय मला," मधुरा म्हणाली. "डावीकडून. काय काय सुटलंय ते तुम्हीच ओळखाल. पण संस्था तुम्हाला ठेवेल का, ते मला माहीत नाही."

"मी येतो. ठेवू दे नाहीतर काढू दे."

ते कागदाची घडी घालू लागले, तेवढ्यात अगदी जवळून आवाज आला.

"केंद्रानं आजच्यापुरता टेम्पो धाडलाय बायकांस्नी न्यायला. आधी हिकडं वळवून आणलाय, भाईर हुबा हाय."

सर्जेराव दचकले. मान पूर्ण वळवली तेव्हा वैजयंता दिसली. डावीकडे, भिंतीला टेकून, हातभर अंतरावर उभी.

"कवा आलीस?"

"तुम्ही वाचाय लागलासा तवाच. हितंच हुबी हाय मी."

ती रागावलेली होती की रडलेली, ते त्यांना ओळखता येईना. मधुरा मुकाट्याने बाहेर गेली.

"मी टेम्पोनं निघाले हाय कामाला," वैजयंता म्हणाली. "आज उशीर झालाच, पण जाणार. उद्याबी जाणार. गाडी असो नसो. पोरीला येताना आणा, चालत जा. आणि उद्या डोळ्याच्या डॉक्टराकडं मी येणार तुमच्यासंगं. एकट्यानं जायचं न्हाई."

सर्जेरावांनी मान हलवली. ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"जेवताना मी रोज तुमच्या डाव्या हाताला बसते," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासनं. ह्या दोन वर्षांत दोनदा ती केंद्राची जागा नाकारली न्हवं मी, तवा रात्री ताटावर बसून रडत हुते. तुम्ही काय बोलला न्हाईसा. मला वाटायचं, बघूनबी गप बसलाय."

सर्जेरावांच्या ओठांवर आलं होतं, की मला दिसलंच नाही. पण ते तसेच उभे राहिले. कारण त्या दोन वर्षांआधीची चोवीस वर्षं दोन्ही डोळे धड होते, आणि तेव्हा तिथे काय काय दिसलं होतं?