नवं व्हर्जन टाकायला आलेला

द्वारका चौकाजवळच्या छापखान्यात तो ऐन लग्नसराईत आला, तेव्हा तिथे पत्रिका टाइप करणाऱ्या सुवर्णाला वाटलं, गिऱ्हाईकच आहे.

"पत्रिका तुमचीच का?" तिने कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं.

"अजून तरी नाही..." तो हसला. "मी महेश. सॉफ्टवेअर कंपनीतून आलोय, तुमच्या मराठी टायपिंगचं नवीन व्हर्जन टाकायला."

टाकलं त्याने, आणि सुवर्णाचं डोकंच फिरलं. जुन्या व्हर्जनमध्ये तिने सगळी बटणं आपल्या सवयीने लावून घेतली होती; 'चि. सौ. कां.' तर एका बोटासरशी उमटायचं. नव्यात मात्र कंपनीने ठरवलेलाच कीबोर्ड, बदलायची सोयच नाही! मालक रंगनाथकाका कुरकुरायला लागले, "बाई, दुपारपर्यंत एकच पत्रिका? अशानं दुसरं माणूस बघावं लागेल मला."

"हात माझे, काम माझं, आणि कुठलं बटण कुठे असावं ते तुमची कंपनी ठरवणार?" ती फोनवर कडाडायची.

"येतो ना लगेच!" महेश शहराच्या दुसऱ्या टोकाहून, सातपूरहून मोटारसायकल दामटत यायचा, काहीबाही खटपट करायचा, तिची बोलणी गोड मानून चहा प्यायचा. जाताना तिच्याकडे असा बघायचा, की... रागावणंच अवघड होऊन बसायचं. गर्दीतूनही त्याच्या गाडीचा आवाज ओळखू यायला लागला, तेव्हा ती चरकली. हे काय होतंय आपल्याला!

एका दुपारी चहा तसाच ठेवून तो म्हणाला, "खरं सांगू? जुनं व्हर्जन परत टाकता येतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. कंपनी नको म्हणते, पण... ते टाकलं असतं, तर तुम्ही मला पुन्हा बोलावलं नसतं."

तिचे डोळे भरून आले. तो आवडला होता, म्हणूनच जास्त लागलं. "म्हणजे तुम्हीही कंपनीसारखेच. माझं काय करायचं, ते मला न विचारता ठरवून मोकळे!"

महेशने मान खाली घालून जुनं व्हर्जन टाकलं. सीडी तिच्या हातात दिली. "आता कोणालाच विचारायची गरज नाही. मलाही नाही." आणि तो गेला.

पत्रिका पुन्हा झरझर निघाल्या. रंगनाथकाका खूश. सुवर्णाचं मात्र कशात लक्ष लागेना. बाहेर मोटारसायकल वाजली की बोटं थबकायची. शेवटी तिने फोन उचलला.

"काय बिघडलं?" महेशचा घाबरा आवाज.

"काही नाही. सगळं मस्त चाललंय."

"मग...?"

"मग काय? काही बिघडल्याशिवाय बोलवायचं नाही, असं कोणी ठरवलंय? मला तुम्ही आवडता, महेश. या... मी बोलावतेय."