पाचवा हात

कॉफीच्या यंत्राने कप खाली सोडला, जराशी घरघर केली आणि पडद्यावर लिहून दाखवलं – 'अज्ञात त्रुटी.'

"अज्ञात म्हणे! बिघाड तुझ्या पोटात, आणि तुलाच ठाऊक नाही?" ती यंत्रावर खेकसली.

"तुम्ही काय लिहिलं असतं?" मागून कुणीतरी विचारलं.

"'दूध संपलंय. काळी चालेल?' बस्स. माणसाला कळायला नको?"

तो मनापासून हसला. तिने वळून त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं टोपणनाव वाचलं. कासव.

अगं बाई... हाच तो!

तिचं टोपणनाव मुंगी. दिवसा एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळायची आणि उरलेल्या वेळात एका संगणकभाषेसाठी फुकट राबायची. ही भाषा कुठल्या कंपनीची नव्हती, ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून चालवलेली होती. पगार नाही, मिळायची ती शाबासकी. आणि तीही नवं काही बांधणाऱ्यांना. मुंगी काहीच बांधत नव्हती. प्रोग्राम लिहिणाऱ्याचं चुकलं की भाषा त्याच्यावर जे काही गुरकावते, ते ती माणसांच्या बोलीत आणायची. "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस झालं," आई म्हणायची.

त्या भाकऱ्यांची कदर करणारा एकच होता, कासव. तिचं प्रत्येक वाक्य तो तपासायचा, परत पाठवायचा, कडाकडा भांडायचा आणि शेवटी लिहायचा, 'आता हे वाचून कुणी रडणार नाही.' तेवढ्या एका ओळीवर मुंगीचा आठवडा मजेत जायचा.

आज वार्षिक मेळाव्यात ती दोघं पहिल्यांदाच समोरासमोर आली होती. दुपारी मुंगीच्या चावीचा निर्णय होता. चावी म्हणजे आपलं काम आपणच भाषेत घालायची मुभा. मग कुणाच्या दारात ताटकळायला नको. पाच जुन्या राखणदारांचे पाचही हात वर व्हायला हवे होते.

चार झाले. कासवाचा हात टेबलावरच राहिला.

"चहानंतर बघू," अध्यक्ष ताई म्हणाल्या. मुंगीने त्याला जिन्यातच गाठलं.

"माझं काम वाईट आहे?"

"छे! सगळ्यांत चांगलं आहे."

"मग मी वाईट आहे?"

"नाही गं..."

"मग हाताला काय झालं होतं?"

तो कठड्याशी चाळा करत राहिला. "नियम आहे. जवळच्या माणसाला मत द्यायचं नाही. वशिला नको म्हणून."

"पण आपण कुठे जवळचे? सकाळी तर भेटलो!"

"तेच मलाही कळत नाहीये. रोज उठलो की आधी तुझं काही आलंय का ते बघतो. नाही आलं तर दिवसभर चिडचिड... हात उचलायला गेलो, आणि वाटलं, हा खोटेपणा होईल."

मुंगीला राग आला, हसू आलं, काय आलं ते तिचं तिलाच कळेना. "म्हणजे मला न विचारताच जवळची करून टाकलीस?"

"आता विचारतो. तू म्हण, तसं काही नाही. मी आत्ता जाऊन हात वर करतो. चावी तुझी. पुन्हा हा विषय काढणार नाही, शपथ."

नाही म्हणायचं, की झालं. किती सोपं! पण चावी आली की तिचं लिहिलेलं तपासायला कुणी लागणार नव्हतं, आणि सकाळपासून नेमकं त्याच विचाराने तिला उदास वाटत होतं. इतकी वाट पाहिलेली गोष्ट दारात आलेली, आणि ही बया उदास! तिने तोंड उघडलं, पण तो शब्द काही बाहेर पडेना.

आतून हाक आली. दोघं दारात जाऊन उभी राहिली.

"काय रे कासवा, पाचवा हात आहे की नाही?"

त्याने मुंगीकडे पाहिलं.

"त्याचं मत धरू नका, ताई," मुंगी म्हणाली. "नियमात बसत नाही."

ताईंनी चष्म्यावरून दोघांना नीट न्याहाळलं. "मग पाचवा हात दुसरा शोधावा लागेल. चावी पुढच्या वर्षी, पोरी. विचार कर."

"केला. थांबते मी."

सभागृहात खसखस पिकली. सगळ्यांना कळलं होतं. फक्त कासव भांबावून तिच्याकडे बघत होता.

"म्हणजे... मी नक्की काय समजू?"

"आवडतोस मला. आणि हे वाक्य दुरुस्तीला परत पाठवलंस ना, तर बघ!"

"नाही पाठवत," तो पुटपुटला, आणि कानापर्यंत लाल झाला. "फक्त... पुन्हा एकदा म्हणतेस?"