दुपारची कडी

आलेखावरची रेषा चढत जाई आणि शिखराच्या किंचित अलीकडे सपाट होई. तीन श्वासांइतका तो सपाट तुकडा. मग रेषा पुन्हा चढायला बघे, पण तोवर तिचा जोर ओसरलेला असे. डॉ. हेमांगी तुळपुळे यांनी पडद्यावर दुसऱ्या रुग्णाचा आलेख आणला, मग तिसऱ्या रुग्णाचा. बायका वेगळ्या, वये वेगळी. सपाट तुकडा तोच.

"बिघाड नाहीये, मॅडम," शेजारी बसलेली नाझनीन मुजावर म्हणाली. यंत्राचा शिकणारा भाग तिने रचला होता. "मी सगळं उघडून तपासलं. ते मुद्दाम थांबतंय."

मिरजेच्या या प्रयोगशाळेत तयार झालेला स्वशिक्षित कंपक अंगठ्याएवढा होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांच्या योनीतल्या ऊती आक्रसतात, कोरड्या पडतात. रक्तपुरवठा वाढला तर त्या पुन्हा मऊ होऊ लागतात. कंपक स्नायूंचा ताण क्षणोक्षणी मोजे आणि त्याप्रमाणे कंपने वाढवी किंवा कमी करी. शरीर सुखाच्या टोकाला पोहोचले की रक्ताचा ओघ सर्वाधिक असे. सुख हा या उपचाराचा दुष्परिणाम नव्हता. तीच त्याची मात्रा होती. हेमांगीच्या अहवालात मात्र 'सुख' हा शब्द कुठेच नव्हता. तिथे 'अपेक्षित प्रतिसाद' असे लिहिलेले होते.

आणि मात्रा पुरी होण्याआधीच यंत्र थांबत होते. उद्या परीक्षण समिती बसणार होती. कारण सापडले नाही तर चाचणी बंद, आणि या सगळ्या बायका पुन्हा योनीमार्ग ताणून मोकळा ठेवणाऱ्या त्या जुन्या कडक नळ्यांकडे. बहुतेक जणी त्या दुखतात म्हणून कपाटात टाकून देत.

दारावर टकटक झाली. सुरेखा चौगुले, निवृत्त क्रीडाशिक्षिका, तपासणीसाठी आल्या होत्या.

"डॉक्टर, तुमचं यंत्र सासुरवाशीण आहे हो!" खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या. "ऐन रंगात आलं की गप्प. जशा काही बाहेर सासूबाई खाकरल्या!"

नाझनीन खळखळून हसली. हेमांगी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"हसा, हसा. मलाही आधी गंमत वाटायची." सुरेखाताईंचा मैदानावरचा आवाज एकदम खाली आला. "मला सासू नाही. नवरा जाऊन वर्षं झाली, लेक नाशकात. घरात मी आणि मांजर. उभ्या जन्मात कुणाला भ्यायले नाही मी. पण हल्ली ते थांबलं की माझाही श्वास थांबतो. दाराकडे बघते मी. परवा तर साधी अंघोळ करतानाही कान दाराकडे. सांगा, कोण येणार आहे माझ्याकडे?"

तपासणी उरकून त्या गेल्या, तेव्हा नाझनीनने पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला.

"म्हणून ते सुधारत नाहीये. मला वाटलेलं, इतक्या जणी वापरतील, चुकीचं वळण आपोआप पुसलं जाईल. पण यंत्र थांबलं की बाई दचकते, स्नायू आखडतात. यंत्र ते मोजतं आणि समजतं, थांबलो ते बरोबरच केलं. पुढच्या वेळी आणखी ठामपणे थांबतं. बाई आणखी आखडते. दोघं एकमेकांना भ्यायला शिकवतायत, मॅडम."

"सुरुवात कुठून झाली?" हेमांगीने विचारले. उत्तर तिला ठाऊक होते.

"आद्यवळणातून. पहिल्या स्वयंसेविकेच्या शरीरावरून जे शिकलं, ते प्रत्येक यंत्रात उतरलंय. ती बाई दर वेळी तिथंच थांबत असणार. कानोसा घेत."

पहिल्या स्वयंसेविकेचे नाव फक्त हेमांगीला माहीत होते. तेव्हा कुणीच पुढे येत नव्हते. बायका आवाहन वाचत, एकमेकींकडे बघून हसत आणि निघून जात. नवरा वर्षाचा बराच काळ जहाजावर. घरी ती आणि सासूबाई. तुळपुळ्यांकडे दिवसा खोलीचे दार नुसते लोटून घ्यायचा रिवाज होता. "दिवसाढवळ्या कडी कसली?" लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि तो विषय तिथेच संपला होता. सुट्टीच्या दुपारी, लोटलेल्या दाराआड, पांघरुणाखाली, हेमांगीने यंत्राला शिकवले होते. बाहेर सपाता वाजल्या की ती थांबे. पुढे पुढे न वाजताही थांबे.

तिचे कान तापले. ही लाज आपल्यापुरती आहे, पांघरुणाखालीच राहील, असे ती धरून चालली होती. आता ती घरोघरी पोहोचली होती. जिच्या घरात फक्त मांजर होते, तिच्याही घरी.

"नवीन स्वयंसेविका घेतली तर?"

"तर सगळं पहिल्यापासून. समिती तेवढं थांबायची नाही. तीच बाई हवी. तेच शरीर, पण न थांबता. मग दोन आलेखांची वजाबाकी केली की भीती तेवढी वेगळी निघेल. बाकीचं तिचं शिकवणं चांगलं आहे, मॅडम. फार चांगलं आहे." नाझनीनने खणाकडे हात नेला. "कुठे असतात त्या?"

"गाव सोडून गेल्या," हेमांगी म्हणाली. हे वाक्य ती दोन वर्षे म्हणत आली होती.

नाझनीनने तिच्याकडे पाहिले नाही. खण उघडून तिने एक कापडी पिशवी टेबलावर ठेवली. आत कोरा कंपक होता.

"भेटल्या तर द्या. आणि एवढंच सांगा, दाराला कडी लावा म्हणावं. समितीला मी सांगते, एक आलेख यायचाय."

हेमांगी दुपारीच घरी आली. सासूबाई टीव्हीसमोर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आज लवकर? बरं नाही का?"

"बरी आहे," म्हणत ती पर्स अंगाशी धरून खोलीत गेली. सवयीने दार लोटून घेतले आणि पलंगावर बसली. बाहेर सपाता वाजल्या. सासूबाई टरफले टाकायला स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. हेमांगीचा श्वास थांबला. थांबलेला तिला कळला. हाच तो सपाट तुकडा.

ती उठली. कडीवर रंगाचे जुने थर बसले होते. सरकवली तर ती करकरणार हे नक्की होते. मग प्रश्न येणार. उत्तरे तयार होती: डोके दुखतेय, ऑनलाइन मीटिंग आहे. तिने कडीवरचा हात काढला आणि दार सताड उघडले.

"आई."

"काय गं?"

"मी आतून कडी लावणार आहे."

सपाता जागीच थांबल्या. "दिवसाढवळ्या? कपडे बदलायचेत का?"

"नाही आई," हेमांगी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज मध्येच थांबला नाही. "कपडे बदलायचे नाहीत, डोकंही दुखत नाहीये. तरी लावणार आहे. आजपासून रोज."