उजव्या बाजूचा बो

एल्डन प्रुइटची हॅट डोक्यावरून उडाली तेव्हा नोरीन डुगन दुकानाची काच पुसत होती, त्यामुळे पुढचा अपघात तिला अगदी पहिल्या रांगेतून पाहायला मिळाला. हॅट आधी फुटपाथवर चाकासारखी गरगरत गेली, मग क्षणभर थांबली — मागे वळून पाहावं तशी — आणि रस्त्यात उतरून पावाच्या गाडीखाली गेली. गाडी निघून गेल्यावर जे उरलं ते धिरड्याच्या जवळपास जाणारं होतं.

ओहायो नदीकाठच्या त्या गावात हॅटचं दुकान एकच, आणि ते नेमकं समोर. याला कोणी नशीब म्हणेल. नोरीनचे वडील बड डुगन याला गिऱ्हाईक म्हणत.

दार ढकलून प्रुइट आत आला. उंच, किंचित वाकलेला, चष्मा घातलेला. दोन्ही तळव्यांवर हॅट.

"ही... वाचेल का?"

"कधी झालं?" नोरीनने डॉक्टरच्या थाटात विचारलं.

"आत्ताच. तुम्ही पाहत होतात."

"पाहत होते. पण विचारायची पद्धत असते."

तो हसला नाही, पण हसू कुठे ठेवलंय ते आठवत असल्यासारखा दिसला. नोरीनने किटली चढवली. ही किटली फक्त हॅटांसाठी होती. तिच्यात कॉफीचं पाणी तापवणं म्हणजे डुगन घराण्यात धर्मांतर केल्यासारखं होतं. वाफेवर धरल्यावर सशाच्या केसांचं फेल्ट हळूहळू मऊ पडलं, भिजलेल्या सशासारखा वास दुकानभर पसरला, आणि नोरीनच्या बोटांनी माथ्याची घडी आणि समोरचा दोन बोटांत दाबलेला चिमटा शोधायला सुरुवात केली.

"समोरचा चिमटा जरा खोल हवा," तो संकोचून म्हणाला. "आणि काठ पुढून खाली... म्हणजे तसा..."

"कॉर्बिन हेलसारखा."

तो जागच्या जागी सरळ झाला. कॉर्बिन हेल हा सिनेमातला वार्ताहर. चार सिनेमे, त्यांत सतरा छपरांवरून उड्या, आणि हॅट एकदाही पडलेली नाही. प्रुइटची पावाच्या गाडीखाली गेली होती. सिनेमात आणि आयुष्यात एवढा फरक असायचाच.

अर्ध्या तासात हॅट उभी राहिली. प्रुइटने ती आरशात पाहिली, नाकावरचा चष्मा वर ढकलला आणि म्हणाला, "बरोबर आहे. अगदी बरोबर." मग आभार मानून निघून गेला. नोरीनला स्वतःच्या कामाचा पहिल्यांदाच राग आला.

पुढच्या गुरुवारी तो परत आला. तो विमा कंपनीत होता. गारपीट झाली की गाड्यांवर पडलेले पोचे खरे की जुनेच खपवलेले, ते तपासायचं त्याचं काम. त्या वर्षी गारांनी जिल्ह्याला झोडपून काढलं होतं.

"थोडं चुकलंय," तो म्हणाला, आणि पाकिटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. सिनेमागृहाच्या दारात लावायचे तसला, रंगीत, कोपरे झिजलेला. "चिमटा या बाजूला कलायला हवा. इथे पाहा ना."

नोरीनने पाहिलं. फोटोतल्या हेलच्या हॅटचा चिमटा खरोखरच उलट्या बाजूला कललेला होता. घड्याळ उजव्या मनगटावर होतं. शर्टाची बटणं बायकांच्या शर्टासारखी होती. आणि हॅटभोवतीच्या फितीचा बो, म्हणजे फुलपाखरासारखी गाठ, होता उजवीकडे. पुरुषांच्या हॅटचा बो डावीकडे असतो, बायकांच्या हॅटचा उजवीकडे. डुगनांच्या घरात मूल हे 'मम्मी'च्या आधी शिकतं. फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलेला होता, एवढंच.

तिने सांगायला तोंड उघडलं. मग त्या आठवड्यातली गिऱ्हाइकं तिला आठवली — एक अंत्यविधीवाला, दोन शेतकरी, आणि पत्ता विचारायला आलेली एक बाई. फोटो उलटा आहे म्हणून सांगितलं की हॅट आहे तीच बरोबर. हॅट बरोबर, म्हणजे हा माणूस दारातून बाहेर, आणि गुरुवार पुन्हा नुसता गुरुवार.

"हं," ती म्हणाली. "बसा. वेळ लागेल."

तेव्हापासून ते चालू झालं. एका गुरुवारी चिमटा उलटा कलला. दुसऱ्या गुरुवारी काठाचा खालचा झोक एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गेला. वाफेने त्याचा चष्मा धुरकट व्हायचा. तो काढून पुसायचा, आणि चष्म्याशिवायचे त्याचे डोळे इतके उघडे दिसायचे की नोरीन मुद्दाम पाणी जास्त उकळायची.

"तुमचं बोट तिथे नको," ती एकदा म्हणाली.

"मी धरून ठेवतोय."

"हॅट धरा. माझं बोट काय पळून जाणार आहे?"

"गारपिटीत काही सांगता येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. बोट मात्र हललं नाही.

आणि जाताना दर वेळी तो आरशासमोर उभा राहायचा, जरा जास्तच वेळ. पडद्यामागे बेसबॉलची कॉमेंट्री ऐकत बसलेले बड एकदा ओरडले, "भाऊ, आरसा विकाऊ नाहीये!"

मग बोची पाळी आली. प्रुइटने तो उजवीकडे शिवायला सांगितला. नोरीनने टाके उसवले आणि पुन्हा घातले, नेहमीपेक्षा बारीक. तो गेल्यावर बड पडद्याबाहेर आले.

"ही बाईची हॅट झाली."

"माहितेय, डॅड."

"शनिवारी त्यांचा तो मेळावा आहे म्हणे. हेलवाल्यांचा."

होता. दर वर्षी कोलंबस शहरातल्या एका हॉटेलात शेदोनशे पुरुष एकसारख्या हॅटा घालून जमत आणि एकमेकांच्या माथ्यावरच्या घड्या अशा तपासत, की सोयरीक जुळवणाऱ्यांनीही इतकी खोल चौकशी केली नसेल. चिमटा बोटभर चुकला तर माणसाला वर्षभर ऐकून घ्यावं लागे. बो उजवीकडे, म्हणजे तर संपलंच.

"फाडून खातील त्याला," बड म्हणाले. "सांगून टाक, पोरी."

"सांगितलं तर हॅट नीट होईल, आणि तो यायचा बंद होईल."

"नाही सांगितलंस तर त्याचं हसं होईल, आणि तरी यायचा बंद होईल." बडनी रेडिओचा आवाज वाढवला. "दोन्हीकडून जाणारच असेल, तर निदान हॅट तरी वाचव."

शेवटचा गुरुवार उजाडला. प्रुइट आला. टायसुद्धा होता. नोरीनने किटली चढवली, फोटो त्याच्या पुढ्यात सरकवला आणि रात्रभर घोकलेलं वाक्य एका दमात सांगून टाकलं.

"मिस्टर प्रुइट, तुमचा फोटो उलटा छापलाय. हॅट सगळी उलटी केलीये मी. मला फोटो पाहिल्या क्षणीच कळलं होतं."

त्याने चष्मा काढला.

"मला माहीत आहे."

"काय?"

"आमच्यात नवीन कोणी आला की आम्ही त्याला हाच फोटो दाखवतो. ज्याला उलटा असल्याचं कळत नाही, त्याची सगळे मिळून फिरकी घेतात. अकरा वर्षं हा फोटो माझ्याकडेच असतो." त्याचे कान लाल झाले होते. "मला वाटलं, तुम्ही लगेच ओळखाल. मग आपण हसू. मी हसायची तयारी करून आलो होतो. पण तुम्ही म्हणालात — बसा, वेळ लागेल."

"म्हणजे तुम्हाला वाटलं, मला कळलंच नाही?" नोरीनचा आवाज चढला. "डुगनच्या मुलीला? बो कुठल्या बाजूला असतो ते?"

"आणि तुम्हाला वाटलं, मला कळत नाही! मी हेलचे सिनेमे टेपवर थांबवून थांबवून पाहिलेत. दोन टेप झिजल्या माझ्या!"

"मग बोललात का नाही?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"मी... दुकान चालवते!"

"मी पोचे तपासतो! खरा कुठला, मुद्दाम पाडलेला कुठला, मला बोट लावलं की कळतं. दर गुरुवारी तुम्ही मागच्या बाजूला एक छोटा पोचा मुद्दाम सोडत होतात, मिस डुगन. पुढच्या वेळी काढायला."

हे नोरीनने खरंच केलं होतं, आणि इतकं सफाईने, की तिला स्वतःलाही अभिमान होता.

किटली शिट्टी वाजवू लागली. कोणी हललं नाही.

"किटली कोणीतरी उतरवा रे!" पडद्यामागून बड म्हणाले. "सातवी इनिंग चाललीये!"

नोरीनने किटली उतरवली. "अर्ध्या तासात पुन्हा सुलट करून देते," ती हॅटकडे बघत म्हणाली. "बोसुद्धा. शनिवारी तुम्हाला कोणी हसणार नाही."

"आणि गुरुवारी?"

तो आरशाकडे वळला.

"मी इथे एवढा वेळ का उभा राहायचो, सांगू? उलटी हॅट आरशात सुलट दिसते. बाहेर मी कसाही असेन... तुमच्या आरशात मी बरोबर दिसतो. फक्त इथेच." मग त्याने हॅट उचलली, आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवायच्या ऐवजी नोरीनच्या डोक्यावर ठेवली. ती भुवयांवरून घसरून नाकापर्यंत आली. "बो उजवीकडे आहे. म्हणजे ही हॅट माझी नाहीच."

हॅटच्या आतून नोरीन म्हणाली, "मोठी होते."

"वेळ लागेल," एल्डन म्हणाला. "बसतो मी."

तिने वर्तमानपत्राची पट्टी दुमडून आतल्या कातडी पट्टीमागे खोचली, हॅट पुन्हा घातली आणि आरशात पाहिलं. आरशात चिमटा बरोबर होता, काठ बरोबर होता, बो बरोबर होता. त्या सगळ्याच्या खाली तिचा चेहरा होता, आणि खांद्याच्या मागे, हॅटशिवाय, टक्कल पडू लागलेला एल्डन प्रुइट. आरशात त्याला तसं तिने आजवर पाहिलंच नव्हतं; आरशासमोर तो नेहमी हॅट घालूनच उभा राहायचा.

"शनिवारी येशील?" तो आरशातल्या नोरीनला म्हणाला. 'तुम्ही' कुठे पडलं ते दोघांनीही वाकून शोधलं नाही.

"तू काय घालशील?"

"काही नाही."

"फाडून खातील तुला."

"ओळखलं तर ना."

कोलंबसच्या हॉटेलात खरंच कोणी ओळखलं नाही. अकरा वर्षांत त्याचं डोकं तिथे कोणी पाहिलंच नव्हतं. दाराशीच एका म्हाताऱ्या हेलवाल्याने नोरीनला अडवलं, मान वाकडी करून हॅट चारी बाजूंनी पाहिली आणि विजयी चेहऱ्याने म्हणाला, "बो उजवीकडे!"

"बाईची हॅट आहे," नोरीन म्हणाली.

म्हातारा विचारात पडला. बऱ्याच वेळाने, फार जड जातंय अशा स्वरात म्हणाला, "मग बरोबर आहे," आणि बाजूला झाला.

पुढच्या गुरुवारी एल्डन दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात काहीच नव्हतं. बड पडदा सारून बाहेर आले.

"काय झालं हॅटला?"

"हॅट नाही आणली."

"मग कशाला आलास?"

एल्डनने नोरीनकडे पाहिलं, नोरीनने काचेकडे. काच स्वच्छ होती. तरी ती पुसू लागली. बडनी दोघांकडे आळीपाळीने पाहून घेतलं, एक सुस्कारा सोडला, आणि हॅटांची किटली नळाखाली धरून कॉफीसाठी भरली.