आजीला ऐकू आलेलं

डॉ. स्नेहल गिरप यांनी आयुष्यभर समुद्राखालचे आवाज ऐकले. वेंगुर्ल्यापासून दूर, खोल पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकांतून (आवाज टिपणाऱ्या यंत्रांतून) येणाऱ्या बोटींच्या घरघरीत दडलेली देवमाशाची हाक त्या नेमकी ओळखत. मग आता स्वतःच्या लेकीचं बोलणं त्यांच्या कानांतून का निसटत होतं? त्यांच्या नातीला, ऊर्वीला, हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. कान तर तपासून झाले होते आणि ते ठणठणीत होते.

ऊर्वीची आई रेवा चंद्रावरच्या तळावर काम करायची. दर रविवारी संध्याकाळी ती भिंतीवरच्या पडद्यावर दिसायची. पडद्याच्या कडेला तळाचं तापमान, खाली बातम्यांच्या धावत्या ओळी, आणि घर सांभाळणारं यंत्र मध्येच भरतीची वेळ सांगायचं. आई काही मनातलं सांगू लागली, की आजी नेमकं धावत्या ओळीतलं काहीतरी विचारायची. आई गप्प व्हायची. आठवडाभर वाट पाहिलेली भेट तशीच संपायची.

एका रविवारी ऊर्वी म्हणाली, "आजी, आज तू बाहेर बसशील?"

आजी अंगणात जाऊन बसली. ऊर्वीला आई एकटीला मिळाली खरी, पण आई पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिली, आजी कुठे आहे. ती फिरायला गेलीय, असं ऊर्वीने सांगितलं. मग ती शाळेतलंच काहीबाही सांगत राहिली.

भेट संपल्यावर ती अंगणात आली आणि तिने आजीला सरळच विचारलं, असं का होतं. आजी रागावली नव्हती. तिने लाल पेनाने कागदावर 'हिरवा' असं लिहिलं आणि शाईचा रंग विचारला. ऊर्वीच्या तोंडून "हिर" एवढं निघून गेलं, मग तिने "लाल" म्हटलं.

"तुझं मन आधी अक्षरं वाचायला धावलं," आजी म्हणाली. "तू त्याला थोपवलंस, म्हणून रंग सांगता आला. याला अवरोधक नियंत्रण (नको ते बाजूला ठेवण्याची क्षमता) म्हणतात."

मग तिने समजावलं. लक्ष देणं म्हणजे हव्या गोष्टीकडे बघणं एवढंच नव्हे, बाकीचं थोपवणं हेही त्यातच आलं. त्यात मेंदूच्या ललाटखंडाचा (कपाळामागच्या भागाचा) मोठा वाटा असतो. वय वाढलं, की अनेकांचं हे थोपवणं सैल पडतं.

"मला रेवाचं ऐकायचं नसतं असं नाही गं. सगळंच एकदम आत येतं आणि त्यात ती हरवते. तिला शोधेपर्यंत वेळ संपतो."

ऊर्वी तिला बिलगून बसली. थोड्या वेळाने आजी हळूच म्हणाली, "पण नको ते आत येतं, त्यात कधी हवं तेही असतं. मागच्या रविवारी तुझ्या आईच्या मागे दोघे बोलत होते. मे महिन्यात पृथ्वीवर परतणाऱ्या यानातून माणसांऐवजी यंत्रं येणार आहेत. तिची जागा गेलीय, ऊर्वी."

ऊर्वीने त्या दिवशी फक्त आईचे शब्द ऐकले होते. आई मेमध्ये येणार म्हणून ती किती दिवस मनातल्या मनात बेत करत होती.

पुढच्या रविवारी तिने धावत्या ओळी, आकडे सगळं बंद केलं. घराच्या यंत्रालाही गप्प राहायला सांगितलं. खिडकी लावली. पडद्यावर आईचा चेहरा तेवढा उरला. ती बोलत होती आणि आजी एकही शब्द न गमावता ऐकत होती.

मग आजीने विचारलं, "रेवा, तू मेमध्ये येत नाहीस ना?"

चंद्रावरून उत्तर यायला नेहमीच क्षणभर वेळ लागतो. या वेळी जास्तच लागला.

"कसं सांगू, तेच कळत नव्हतं," आई म्हणाली आणि तिने डोळे पुसले. पावसाळ्यानंतरच्या यानात मात्र तिची जागा पक्की होती. त्या दिवशी तिघी मोकळेपणी बोलल्या, थोड्या रडल्याही.

पडदा काळा झाल्यावर ऊर्वीने विचारलं, नको ते आवाज बाजूला करणारं एखादं यंत्र म्हाताऱ्या माणसांसाठी बनवता येईल का?

"येईल की. पण नको तो आवाज कुठला, हे त्या यंत्राने कसं ठरवायचं?"

"ते मी शोधीन," ऊर्वी म्हणाली. "आई येईपर्यंत वेळ आहे माझ्याकडे."