दहा हजार वेळा पुसलेलं पान

गोरखपुरातल्या दुकानाचं शटर अजून अर्ध्यावरच होतं. त्याखालून वाकून एक उंचापुरा तरुण आत आला आणि त्यानं पंपाचा टायमर काउंटरवर आपटला.

"मेकॅनिक भैयाला बोलवा."

"भैया नाही, मीच आहे," स्वानंदी म्हणाली. "अन् आपटू नका."

तो गडबडला... पण मागे हटला नाही. "मी वेदांग, मझौलीचा. वाटाण्याला पाणी द्यायचं आहे, अन् लाइट गेली की तुमचं मशीन वेळच विसरून राहिलं!"

त्या मशीनचा प्रोग्राम स्वानंदीनं स्वतः लिहिला होता. तिची मान ताठ झाली. "आत फ्लॅश मेमरी आहे. लाइट गेली तरी लिहिलेलं राहते. तुम्हीच खुडबुड केली असेल."

"मग चला शेतावर. स्वतःच पाहा!"

"चला!"

तावातावानं ती त्याच्या मोटारसायकलवर बसली खरी, पण मझौली येईपर्यंत हिवाळी वाऱ्यानं दोघांचाही राग उतरला होता. त्यानं वाटाण्याच्या शेंगा सोलून हिरवे दाणे तिच्यापुढे धरले. तिनं ते खात खात बांधावरच लॅपटॉप उघडला, मशीन जोडलं... आणि कपाळाला हात लावला.

"काय झालं?"

"चूक माझी आहे." तिनं नजर चुकवली नाही. "ही मेमरी वहीसारखी पानापानांची असते, त्यातला एकच आकडा खोडता येत नाही. अख्खं पान पुसावं लागते, मग नवं लिहायचं. अन् साधारण दहा हजार वेळा पुसलं की पान झिजते, मग त्यावर लिहिलेलं टिकत नाही. मी टाकीची पातळी दर पाच मिनिटांनी एकाच पानावर लिहायला लावली. तुमची पाण्याची वेळही त्याच पानावर."

त्यानं मनात हिशोब केला. "म्हणजे पस्तीस दिवस. बसवून सव्वा महिना झाला..."

"आता ओरडा."

"ओरडायलाच आलो होतो," तो हसला. "पण चूक कबूल करणारं माणूस समोर असलं, की आवाजच निघत नाही."

स्वानंदीनं पटकन लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

दुकानाचे मालक भय्यासाहेब म्हणजे तिचे मामा. ऐकताच ते भडकले. "याचं नीट करून दे अन् गप्प बस! हेच मशीन नेलेल्या बाकी चाळीस गिऱ्हाइकांना काहून सांगायचं? तुझ्या लग्नाची नागपूरला बोलणी चालू आहेत. नाव खराब झालं तर?"

"प्रोग्राम माझा आहे, मामा. चाळीसही मशीन मीच नीट करणार."

"अच्छा! अन् गावोगाव जाशील कशी?"

"माझ्यासोबत," दारातून वेदांग म्हणाला.

बारा दिवस दोघं फिरले. कुठं शिव्या मिळाल्या, कुठं आल्याचा चहा. नवा प्रोग्राम झिजलेलं पान सोडून द्यायचा, पाण्याची वेळ निराळ्या पानावर ठेवायचा, आणि पातळी फक्त तासातून एकदा, दर वेळी पुढच्या पानावर लिहायचा. ती काम करायची, तो तिच्या स्क्रीनवर सावली धरून उभा राहायचा. कधी नजरानजर व्हायची... मग वायर कुठली कुठं जोडायची, तेच तिला सुचायचं नाही.

चाळिसावं मशीन झालं, तेव्हा मामांचा फोन आला. नागपूरचे पाहुणे रविवारी येणार होते.

"मग... रविवारी तुम्ही घरी असाल?" वेदांगनं विचारलं. 

"असणार ना. त्यांना नाही म्हणायला."

"अन्... मग?"

"मग तुम्ही या. मामांसमोर. हिंमत आहे?"

"आहे. पण बोलू काय?"

"बोलीन मी. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा."

रविवारी पाहुणे चहा न पिताच उठले. मामांचा चेहरा लाल झाला. "शेतकऱ्याच्या घरी जाऊन काय करशील तू?"

"इथं करते तेच. मझौलीत दुकान काढीन, पाटीवर माझं नाव लावीन," स्वानंदी शेजारी उभ्या वेदांगकडे बघून म्हणाली. "मला हे आवडतात, मामा. तुम्हाला विचारून नाही राहिली, सांगून राहिली."

वेदांगनं सगळ्यांच्या देखत तिचा हात धरला.

तिनं हात सोडवून घेतला नाही.